वादळाने उडालेले पत्रे आणि घरविम्याचा दावा : वारा की गंज?

तापीकाठ_यावल

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या अखेरीस आणि मृगाच्या तोंडावर संध्याकाळी सुटणारे वादळ आपल्या यावल-रावेर पट्ट्याला नवे नाही. दरवर्षी कोणाच्या तरी केळीच्या बागा आडव्या होतात आणि कोणाच्या तरी घरावरचे पत्रे उडतात. यंदा पाळी आमच्या घराची होती.

घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे. मागचा भाग, म्हणजे स्वयंपाकघर आणि त्यालगतची मोठी खोली, लोखंडी कैच्यांवर पत्रे टाकून २०१६ मध्ये बांधलेला आहे. एकूण ३४ पत्र्यांपैकी १९ पत्रे गेले. बरेचसे शेजारच्या केळीत सापडले, दोन तर बांधावरच्या निंबाच्या झाडाला दुमडून बसले होते. त्यानंतर तासभर पाऊस पडला आणि दोन गाद्या, लाकडी कपाट व फ्रीज भिजून निकामी झाला. घरात आई आणि मुले होती, कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब.

गृहकर्ज घेताना बँकेमार्फत ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीला फोन केला आणि ईमेलही पाठवला. तिसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर आले. तोपर्यंत पुन्हा पाऊस येईल या भीतीने आम्ही पत्रे गोळा करून खळ्यात रचले होते आणि छपरावर ताडपत्री ओढली होती. सर्व्हेअर साहेबांनी वीस मिनिटे पाहणी केली, पत्रे अँगलला धरून ठेवणारे काही जुने जे-हुक हातात घेऊन पाहिले आणि ते गंजलेले असल्याची नोंद केली. पत्रेवाल्याचे अंदाजपत्रक १,८६,००० रुपयांचे आहे. कंपनीने देऊ केलेली रक्कम ६१,००० आहे. कारणे दोन दिली आहेत : ‘गंज व देखभालीचा अभाव’ आणि ‘घसारा’, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत. भिजलेल्या सामानाचा तर उल्लेखच नाही.

सोबत ‘पूर्ण व अंतिम रक्कम म्हणून मान्य’ असे छापलेला कागद सहीसाठी पाठवला आहे. जे छप्पर आजवरच्या सगळ्या पावसाळ्यांत जागचे हलले नाही ते गंजामुळे गेले, हे मला पटत नाही. परंतु पटत नाही एवढे म्हणून भागणार नाही, हेही कळते. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_सर्वेक्षक_धुळे

भाऊ, पहिली गोष्ट, त्या कागदावर आज सही करू नका. केली तरी सगळे संपते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स’ या प्रकरणात सांगितले आहे की, फसवणूक, दडपण किंवा दिशाभूल करून अशी सही घेतली गेली असेल तर ग्राहकाचा हक्क जात नाही. पण दडपण होते हे सिद्ध करण्याचे ओझे मग तुमच्या डोक्यावर येते. ते मुळात कशाला घ्यायचे?

मी बरीच वर्षे या जिल्ह्यांत नुकसानीची पाहणी केली आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचेही सांगतो. सर्व्हेअरचे काम नुकसान मोजण्याचे आहे, तसेच ते कशामुळे झाले हे ठरवण्याचेही आहे. पॉलिसीत वादळ ही आपत्ती समाविष्ट आहे आणि झीज समाविष्ट नाही. त्यामुळे पत्र्याच्या छपरावर प्रत्येक वेळी प्रश्न एकच उरतो, वारा की गंज. तुमच्या सर्व्हेअरने तो प्रश्न विचारला यात चूक नाही. चूक आहे ती उत्तर फार लवकर देण्यात. लोखंडावर गंज असणे आणि गंजामुळे छप्पर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे उघड्यावरच्या कोणत्याही लोखंडावर काही वर्षांत गंज दिसणारच. नुकसानीचे प्रत्यक्ष आणि प्रभावी कारण कोणते होते, ते पाहावे लागते. त्याच वादळात गावातली इतर छपरे आणि झाडेही गेली असतील, तर वाऱ्याचा जोर हेच ते कारण ठरते.

आता पॉलिसीविषयी. ‘भारत गृह रक्षा’ ही १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी प्रमाणित पॉलिसी आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी मूळ मजकूर सारखाच असतो. घराच्या इमारतीचा विमा घेतला असेल तर घरातील सर्वसाधारण सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप विम्यात येते. तुमचे कपाट, गाद्या आणि फ्रीज यात बसतात. वादळाने छप्पर उघडे पाडले आणि त्यातून पाऊस आत आला, तर ते नुकसान वादळाचेच. त्याचा दावा सर्व्हेअरने स्वतःहून लिहिला नाही तर तुम्हाला लेखी मागावा लागेल, आणि तो इमारतीच्या दाव्यासोबत एकाच पत्रात मागा. तुटके पत्रे व मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंता वगैरेंचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. बहुतेक लोक ते मागतच नाहीत.

विमा घराच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा आहे असे कारण देऊन या पॉलिसीत दाव्यात त्या प्रमाणात कपात करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. घसाऱ्याबाबत कंपनीला एकच ओळ लिहा : ही कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार केली ते कळवावे. वाद घालण्यापेक्षा या एका ओळीने काम अधिक होते.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ती हाती आल्याशिवाय पुढचे काहीही लिहू नका.

पत्रेकाम_पारोळा

मी विम्यातला माणूस नाही, पत्रे बसवणारा आहे, पण वारा की गंज या प्रश्नाचे उत्तर छपरावरच लिहिलेले असते आणि ते वाचता येते, म्हणून लिहितो.

वारा पत्र्याला वरून दाबत नाही, खालून उचलतो. वळचणीखालून आणि उघड्या खिडकीतून आत शिरलेला वारा पत्र्याला वर ढकलतो आणि वरून वाहणारा वारा त्याला ओढतो. म्हणून आधी कोपरे व कडा सुटतात आणि एकदा कड सुटली की ओळच्या ओळ जाते. तुमचे कडेचे पत्रे आधी गेले आणि आढ्याजवळचे किंवा मधले राहिले असतील, तर ती वाऱ्याची खूण आहे.

आता एक पत्रा खळ्यातून उचला आणि हुकाचे भोक डोळ्याजवळ धरून पाहा. गंजाने गेलेल्या भोकाची कड तपकिरी आणि कागदासारखी पातळ असते, बोटाने दाबली की भुगा होतो. वाऱ्याने ओढलेल्या पत्र्याचे भोक गोल राहत नाही, लांबट होते किंवा फाटते, आणि फाटलेली कड खाली वळलेली असते, कारण वॉशर जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्यावरून ओढला जातो. कडेचा धातू ताजा फाटलेला असतो म्हणून चकाकतो. तीच गोष्ट हुकाची. वाऱ्याच्या ओढीने हुकाचा वाकडा भाग सरळ होतो. तुटला असेल तर तुटलेल्या तोंडाचा रंग पाहा : आतून राखाडी असेल तर तो आधी चांगला होता, आणि आतपर्यंत तपकिरी असेल तर गंजाने आधीच खाल्ला होता. अडचण एवढीच की उघड्यावर ओल लागली की चार-पाच दिवसांत राखाडी तोंडावरही नारिंगी गंज चढतो. हुक अजून बाहेर पडून असतील तर आजच्या आज गोळा करा, कोरड्या डब्यात ठेवा आणि नाणे बाजूला ठेवून जवळून फोटो काढा.

कैचीवरचे आडवे अँगल वर वाकले आहेत का तेही पाहा. गंजाने अँगल कधी वरच्या बाजूला वाकत नाही.

आणि कृपा करून पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. कंपनी भंगाराची किंमत दाव्यातून वजा करते, म्हणून तो माल तुम्ही सांभाळून ठेवला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचा सगळा पुरावा त्या ढिगाऱ्यातच आहे.

तापीकाठ_यावल

दादा, आपला प्रतिसाद वाचून लगेच खळ्यात गेलो. मोठा मुलगा बॅटरी धरून उभा होता आणि मी एकेक पत्रा उलटून पाहिला. १९ पैकी १४ पत्र्यांची भोके आपण म्हणता तशी लांबट फाटलेली आहेत आणि कडा खाली वळलेल्या आहेत. तीन पत्र्यांच्या एकेका भोकाशी खरोखर गंज आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २३ हुक सापडले, त्यांपैकी १६ उघडून सरळ झालेले आहेत. सगळ्यांचे फोटो काढले आहेत.

मंडळ_साक्री

महसूल खात्याच्या कामाशी माझा संबंध आहे, त्यामुळे एका गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, केलेला पंचनामा हा शासकीय मदतीसाठी असतो आणि ती मदत विम्यापेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. म्हणजे पत्रे उडालेल्या घराला मिळणारी मदत चार-सहा हजारांची असते. पत्र्यांचा खर्च त्यातून निघत नाही, आणि विमा असताना केवळ पंचनाम्यावर विसंबून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगतो.

पंचनाम्याची प्रत मात्र विमा दाव्याला जरूर जोडा. त्या दिवशी त्या गावात वादळ झाले आणि अमुक घरांचे नुकसान झाले, ही शासकीय नोंद आहे. फळपीक विम्यामुळे महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रांची ओळख आपल्या केळी उत्पादकांना आहेच. त्या दिवसाच्या वाऱ्याच्या वेगाची व पावसाची नोंद मिळाली तर तीही जोडा.

दुसरा गैरसमज मुदतीचा. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट सर्वांच्या डोक्यात पक्की बसली आहे, आणि ती उलटून गेली म्हणून काही जण घरविम्याचा दावाच करत नाहीत. घरविम्याची सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची, हे खरे. परंतु खऱ्या दाव्याला केवळ सूचनेतील विलंबामुळे, त्याला योग्य कारण असताना, नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितले आहे. उशीर झाला असेल तर कारण लिहून दावा करा.

सुरतवासी_शहादा

आमचे घर शहादा तालुक्यात आहे आणि आम्ही कामानिमित्त सुरतेला राहतो. गावी भाऊ लक्ष ठेवतो. अशा घराचे छप्पर गेले तर मालक हजर नसताना दावा होतो का? पत्रे उडून घर उघडे पडल्यावर चोरी झाली तर काय?

निवृत्त_सर्वेक्षक_धुळे

दावा होतो. भावाच्या नावे साधे अधिकारपत्र तयार करून ठेवा, म्हणजे सर्व्हेअर आल्यावर पाहणी आणि कागदांवर सही अडणार नाही. घर रिकामे असते ही गोष्ट विमा घेतानाच कंपनीला लेखी कळवा, दावा आल्यावर ती उघड होऊ देऊ नका. चोरीबाबत, वादळासारखी विम्यातील आपत्ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत तिच्यामुळे घरात चोरी झाली, तर ती या पॉलिसीत येते. त्यासाठी पोलिसांत तक्रार हवी.

बँकेतील_ताई

मी कर्ज विभागात काम करते आणि दरवर्षी जून महिन्यात हाच प्रसंग समोर येतो, म्हणून कर्जदारांसाठी लिहिते.

बऱ्याच जणांना आपल्या घराचा विमा आहे हेच माहीत नसते, कारण पॉलिसी कर्जाच्या फायलीत असते. काही जणांचा समज याच्या उलट असतो : कर्जासोबत घेतलेला विमा घराचा आहे असे ते धरून चालतात, आणि प्रत्यक्षात तो कर्जदाराच्या जीविताचा असतो. पत्रे उडाल्यावर तो उपयोगी पडत नाही. म्हणून आजच शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागून घ्या. इमारतीची विमा रक्कम किती आहे, नूतनीकरण झाले आहे का आणि छपराचे वर्णन काय लिहिले आहे, या तीन ठिकाणी नजर टाका. विमा रक्कम घराच्या चटई क्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून काढायची असते. काही वेळा ती फक्त कर्जाच्या रकमेएवढीच लिहिलेली आढळते, आणि ती दुरुस्त करून घेता येते. ओसरी, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, छपरावरची सौर पॅनेल यांचा विमा या पॉलिसीत घेता येतो, परंतु ते प्रस्तावात नमूद असावे लागतात. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी किंवा किराणा दुकान असेल तर तेवढ्या भागासाठी वेगळी पॉलिसी लागते. धाब्याच्या जुन्या घराची मागची बाजू नंतर पत्र्याची केली असेल तर तेही कळवा.

कर्ज चालू असेपर्यंत इमारतीच्या दाव्याचे पैसे पॉलिसीतील बँकेच्या कलमानुसार बँकेकडे जातात. दुरुस्तीसाठी ते आपल्याला मिळावेत म्हणून शाखेत अर्ज द्यावा लागतो, आणि दुरुस्तीची बिले दाखवली तर सहसा अडचण येत नाही. तापीकाठ दादा, आपण हा अर्ज आताच देऊन ठेवा.

शिक्षक_अमळनेर

माझ्या घराच्या बाबतीत हेच घडले होते, आणि मी शेवटपर्यंत गेलो, म्हणून क्रम सांगतो.

दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळवणे आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय देणे, असे विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितले आहे. कागदपत्रे अपुरी आहेत एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, हेही त्यात आहे. माझ्या दाव्याच्या वेळी हे नियम नव्हते आणि मला दोन महिने नुसती वाट पाहावी लागली. तुम्ही तशी वाट पाहू नका.

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. तिच्यासोबत ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या संकेतस्थळावर नोंद करा, तेथे १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार घेतात. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एका वर्षाच्या आत जाता येते. आपल्या जिल्ह्यांसाठी पुण्याचे कार्यालय आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. म्हणजे निवाडा पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. तेथे दोन वर्षांची मुदत आहे, ती मात्र डोळ्यांआड करू नका.

माझी सुनावणी झाली तेव्हा मला सर्वाधिक उपयोगी पडला तो एकच फोटो, उडालेल्या पत्र्याचा नव्हे, तर दिवाळीत छपरावर चढून रोषणाईची माळ लावताना मुलाने सहज काढलेला. त्यात छप्पर सरळ, वॉशर जागेवर आणि पत्रा स्वच्छ दिसत होता. देखभाल नव्हती हा कंपनीचा मुद्दा तेथेच पडला. सर्वांनी आपल्या फोनमधले जुने फोटो एकदा शोधावेत, आणि दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास छपराचे चार फोटो काढून ठेवावेत.

तापीकाठ_यावल

सर्वांचा आभारी आहे. काय घडले ते सांगतो, कारण पुढे कोणी हा धागा वाचेल तर त्याला उपयोग होईल.

अहवालाची प्रत आठ दिवसांनी मिळाली. त्यात गंजाच्या नोंदीसाठी जोडलेले तिन्ही फोटो त्या तीन गंजक्या पत्र्यांचेच होते. उरलेल्या सोळांचा एकही फोटो नव्हता. मी चार पानांचे पत्र लिहिले. प्रत्येक पत्र्याला क्रमांक दिला, त्याच्या भोकांचे फोटो लावले आणि ज्या तीन पत्र्यांवर गंज आहे ते स्वतःहून तसेच दाखवले. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोंत मागे छप्पर स्पष्ट दिसत होते, ते दोन फोटो जोडले. पंचनाम्याची प्रत, हवामान केंद्राची नोंद आणि भिजलेल्या सामानाची यादी खरेदीच्या पावत्यांसह जोडली. फ्रीजची पावती सापडली नाही, म्हणून दुकानदाराकडून लेखी घेतले. घसाऱ्याबाबत धुळ्याच्या काकांनी सांगितलेली एकच ओळ शेवटी लिहिली.

अकराव्या दिवशी तेच सर्व्हेअर साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी खळ्यात बसून दीड तास पत्रे पाहिले, हुकांचा डबा मागितला आणि वाकलेल्या अँगलवर दोरी ताणून किती वाकला ते मोजले. बोलण्यात राग नव्हता. जाताना म्हणाले, हे सगळे पहिल्या दिवशी दिसले असते तर पहिला अहवाल वेगळा झाला असता. त्यांचे म्हणणे मला खरे वाटले. पहिल्या भेटीत आम्ही त्यांना रचलेला ढीग दाखवला होता.

सुधारित मंजुरी काल आली : छपरासाठी १,५२,०००, सामानासाठी २७,५०० आणि मलबा हलवण्यासाठी ३,०००. घसारा काढून टाकला आहे. तीन गंजक्या पत्र्यांचे पैसे वजा केले आहेत आणि ते मी मान्य केले आहे. बँकेत अर्ज दिला आहे.

पारोळ्याच्या दादांना एक विनंती आहे. नवे पत्रे टाकताना कडेच्या ओळीला हुक किती अंतरावर घ्यावेत आणि वॉशर कोणता वापरावा, हे कृपया सांगावे. येत्या सोमवारी माल येणार आहे.

पत्रेकाम_पारोळा

कडेच्या आणि वळचणीच्या ओळीला मधल्या भागाच्या दुप्पट हुक घ्या, कोपऱ्यांत तर एकही लहर मोकळी सोडू नका. हुक जस्ताचा मुलामा असलेले घ्या आणि वॉशर रबराचा, त्यावर लोखंडी टोपी असलेला. वळचण भिंतीच्या बाहेर एक फुटापेक्षा जास्त काढू नका, वारा तेथूनच हात घालतो. जुने अँगल सरळ करून वापरू नका, वाकलेले बदला. सोमवारी माल आला की फोटो टाका, हुक बसवण्याआधी पाहून सांगतो.